गोविंदाच्या नावाचं रक्त

बाळकुम, ठाणे
८ ऑक्टोबर १९९५

जया हिस,

चिरंजीव लिहीत नाही, आशीर्वादही लिहीत नाही. कारण खाली आहे.

तुझा अर्ज तलाठ्याकडे आला. गोविंदाच्या जागी सातबाऱ्यावर तुझं नाव लावायचं म्हणून. माझ्या भावाच्या वर्षश्राद्धाला तू इथे येऊन पोटभर जेवलीस आणि आठव्या दिवशी अर्ज टाकलास. मी त्यावर हरकत लिहून दिली आहे. आता काय ते तहसीलदारासमोर.

गोविंदाच्या पेटीत मला एक कार्ड सापडलं. जानेवारी १९७६ला आमच्या कंपनीत रक्तदान शिबिर झालं होतं, त्याचं. त्यावर त्याचं नाव आहे, बिल्ला नंबर आहे आणि रक्ताचा गट आहे. ओ. दोन वर्षांमागे तुझ्या काकूच्या ऑपरेशनला तू रक्त दिलंस, त्याची चिठ्ठी आमच्या घरात होती. त्यावर तुझा गट एबी. दोन्ही कागद डॉक्टरला दाखवले. तो बोलला, बाप ओ गटाचा असेल तर पोर एबी गटाचं होत नाही. मी तीनदा विचारलं, तीनदा तेच बोलला.

याचा अर्थ तुला सांगायला नको, तू लॅबमध्येच कामाला आहेस. तू सगुणाची असशील, गोविंदाची नाहीस. अर्ज मागे घे, नाहीतर हे सगळं चारचौघांत वाचलं जाईल.

परशुराम भोईर

*

रामबाग, कल्याण
१५ ऑक्टोबर १९९५

तीर्थरूप परशुराम काकांस,

तीर्थरूप लिहिते, कारण मोठ्यांना पत्र कसं लिहायचं ते मला बाबांनी शिकवलं. माझ्या बाबांनी. गोविंद नामा भोईर यांनी.

वर्षश्राद्धाला मी जेवले ते आजीने हाताला धरून बसवलं म्हणून. भाजी खारट होती. खाल्ली.

काकूच्या ऑपरेशनच्या दिवशी तुमच्या दोन्ही मुलांना एकाच वेळी ताप आला होता, आठवतंय का? मी कल्याणहून आले, रक्त दिलं आणि चहासुद्धा न घेता परत कामावर गेले. ती चिठ्ठी तुम्ही दोन वर्षं जपून ठेवलीत आणि आता माझ्यावरच उगारलीत. तुमच्या घरावर केलेला उपकार इतका सांभाळून ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी नौपाड्यातल्या वकीलबाईंना भेटले. त्या म्हणाल्या, यापुढे जे बोलायचं ते लेखी. म्हणून हे पत्र रजिस्टरने येत आहे. त्यांनी सांगितलं ते नीट वाचा. नवराबायकोचं लग्न कायम असताना जन्मलेलं मूल कायद्याने त्या नवऱ्याचंच असतं. ते खोडून काढायचं असेल, तर त्या काळात दोघं एकमेकांना भेटूच शकत नव्हती हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. नुसत्या गटाच्या चिठ्ठीने काही होत नाही. शिवाय ऊठसूट कुणाचं रक्त तपासायला लावायचं नाही, असं सुप्रीम कोर्टाने दोनच वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे.

माझी आई नऊ वर्षांपूर्वी गेली. ती असताना तुम्ही तिच्यासमोर मान वर करून बोलत नव्हता. ती गेल्यावर, आणि बाबाही गेल्यावर, तुम्हाला वाचा फुटली. लाज वाटू द्या.

कार्डाची झेरॉक्स पाठवा.

जया गोविंद भोईर

*

बाळकुम
२ नोव्हेंबर १९९५

जया हिस,

झेरॉक्स सोबत आहे. डोळे भरून बघ.

मला कायदा शिकवू नकोस. तू जन्मलीस सप्टेंबर ७४ला. त्याआधी तुझी आई आमच्या आईशी भांडून माहेरी कल्याणला जाऊन बसली होती, ती वर्ष झालं तरी आली नाही. गोविंदा इथे बाळकुमला माझ्या शेजारी झोपत होता. हे सगळ्या आळीला माहीत आहे. मग तू कुठून आलीस ते तूच सांग.

रविवारी गावकी बसली होती. मी कार्ड आणि चिठ्ठी तिथे ठेवली. सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. सगुणाचं माहेरी काय चाललं होतं तेही मी बोललो, कारण आज ना उद्या बोलावं लागणारच होतं. कुणी उलट बोललं नाही.

बिल्डर दारात उभा आहे. आपली जमीन एका तुकड्यात आहे, म्हणूनच त्याला पाहिजे. आजीचा अंगठा आणि माझी सही झाली की काम होतं, मध्ये फक्त तुझा अर्ज आडवा आलाय. पुढची तारीख २२ जानेवारी. त्याआधी शहाणी हो.

परशुराम

*

कल्याण
२० डिसेंबर १९९५

परशुराम काकांस,

उत्तराला उशीर झाला. कारण तुम्हाला सांगायची गरज नाही.

आधी आळीचं. कंपनीला गुरुवारची सुट्टी असायची. दर बुधवारी पाळी सुटली की बाबा परस्पर कल्याणला यायचे आणि शुक्रवारी इथूनच कामावर जायचे. आजीला कळू नये म्हणून तुम्हाला ओव्हरटाइम सांगायचे. माझे मामा हे प्रतिज्ञापत्रावर लिहून देणार आहेत. वकीलबाई म्हणाल्या, एवढं पुरे आहे, तू जिंकलीस. रक्ताचा विषय काढूच नकोस.

पण तो मी काढते आहे.

घरात मी लॅबवाली, आणि बाबांचा गट मला माहीत नव्हता. तुमची झेरॉक्स आली त्या दिवशी मी लॅबमध्ये माझं रक्त पुन्हा तपासलं. मग दुसऱ्या कंपनीचं औषध वापरून तपासलं. मग मैत्रिणीकडून तपासून घेतलं. एबी. मुलाला एक भाग आईकडून येतो आणि एक बापाकडून. माझ्यात ए आहे आणि बी आहे. ओ गटाच्या माणसाकडे यातलं एकही द्यायला नसतं. तुमचा डॉक्टर खोटं बोलला नाही.

कायदा मला बाबांची मुलगी म्हणतो. म्हणू दे. मला कायद्याकडून नको आहे. हैदराबादला सरकारी प्रयोगशाळा आहे, तिथे डीएनए तपासतात. बाबा नाहीत, पण तुम्ही आणि आजीने रक्त दिलंत तर ते पडताळून सांगू शकतील. खर्च मी करीन. माझं बाबांशी नातं नाही असं निघालं तर अर्ज मागे घेईन, आणि तुमच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

तुम्हाला हेच हवं होतं ना? मग द्या रक्त.

जया

*

बाळकुम
१४ जानेवारी १९९६

चि. जया हिस आशीर्वाद.

आज संक्रांत. गोड बोलायचा दिवस, म्हणून मुद्दाम आज लिहितो.

मी पुष्कळ विचार केला. हैदराबाद वगैरे काही नको. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. तिला सुया टोचून आपण काय मिळवणार? घरातलं कोर्टात नेऊ नये असं माझ्याही मनात आलं. हरकत मी मागे घेतो. वकिलाला तसं सांगून झालं आहे. सातबाऱ्यावर तुझं नाव लागू दे.

गोविंदाने तुला मुलगी मानलं, वाढवलं. मग मी कोण बोलणारा? तुझ्या आईचं जे काय असेल ते तिच्याबरोबर गेलं. मी माझ्यापुरतं पोटात घातलं. तूही आता खोदत बसू नकोस, त्यात तुझीच बदनामी आहे. तुझं लग्न व्हायचं आहे.

बिल्डरचा कागद तयार झाला की पाठवतो. तुझा वाटा तुला मिळेल, त्यात कमीजास्त होणार नाही.

तुझा काका
परशुराम

*

कल्याण
३ फेब्रुवारी १९९६

ती. काकांस नमस्कार.

तलाठ्याकडून कळलं, नाव लागलं. तुम्ही शब्द पाळलात.

तुम्ही असं कराल असं मला वाटलं नव्हतं. तपासणीला तुम्ही नाही म्हणालात, ते निकाल काय येणार हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मला तो हातात धरायला लागू नये म्हणून, असं मी समजते. मला तुमचा अजून राग आहे. पण एवढ्या एका गोष्टीसाठी उपकार मानते.

वकीलबाई पेढे मागत होत्या. मी दिले. पेढे देताना रडू आलं, त्यांना वाटलं आनंदाने.

कागद पाठवा. चैत्रात येऊन सही करीन. आजीला भेटायचं आहे. तिला यातलं काही सांगू नका. ती मला अजून गोवूची पोर म्हणते, तेवढं राहू दे.

जया

*

बाळकुम
२६ फेब्रुवारी १९९६

जयाताई,

मी शेजारची नीला. नववीत आहे. आजी सांगतात तसंच्या तसं लिहिते आहे.

जये, आजीचा आशीर्वाद. मना कोन काय सांगत नाय. गावकीत बापयांनी काय केलं ते मना आता चार महिन्यांनी कललं, ते पन नलावर. मंग मी पेटीतला त्यो कारड नीलाकरशी वाचून घेतला. ती बोलली, आजी, गोविंदकाकांनी रगात दिलेलं. मना हसूच आलं. गोवू आनि रगात! देवी टोचनारी बाई आली का त्यो मिठागरात पलायचा. एकदा दोन दिवस घरी आला नवता. लगीन झालं, पोर झाली तरी सुई बघून घेरी यायची त्याला.

त्या साली परश्या बदलीवर व्हता, गोवू परमनंट. रगात देईल त्याला अर्दी सुट्टी आनि इस्टीलचा डबा, पन परमनंटलाच. गोवू बोलला, परश्या, माजा बिल्ला घे आनि जा, डबा तुजा, सुट्टी माजी. परश्या गेला. गोवूच्या नावावर रगात देऊन आला आनि डबा मना आनून दिला. मी अजून त्यात मीठ ठेवतंय.

मी परश्याला विचारलं, अरे, ते रगात तुजं ना? त्यो बोलला, आये, गप बस, कुनाला बोलू नको. सगुनाशी माजं पटलं नाय, मी लय बोलली तिला. पन ती तसली नवती. तू गोवूची हायेस. तुजी टाच बघ, त्याचीच हाय.

एवढंच आजींनी सांगितलं. मी हे पोस्टकार्ड शाळेजवळच्या टपालपेटीत टाकते आहे, घरात कुणाला सांगितलेलं नाही.

नीला

*

कल्याण
२ मार्च १९९६

परशुराम नामा भोईर यांस,

काका लिहिणार नाही.

ते रक्त तुमचं होतं. बाबांचा बिल्ला लावून तुम्ही रांगेत उभे राहिलात, बाबांच्या नावावर तुमचं रक्त गेलं, आणि कार्डावर छापला गेला तो तुमचा गट. आणि तुम्हाला ते माहीत होतं. संक्रांतीला आशीर्वाद लिहिलात तेव्हा माहीत होतं. ‘तुझ्या आईचं जे काय असेल ते’ असं लिहिलंत तेव्हाही माहीत होतं! तुम्ही मला माफ केलंत. माझ्या आईला माफ केलंत. कशाबद्दल?

आणि मी तुमचे उपकार मानले. ते पत्र परत पाठवा. नाहीतर फाडा, जाळा, पण घरात ठेवू नका. तुम्हाला कागद जपायची सवय आहे.

जमिनीसाठी खोटं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, आमच्या चाळीतच दोन आहेत. तुम्ही त्यांच्या पलीकडचे. तुम्ही जमीन सोडलीत, पण खोटं सोडलं नाहीत.

आता ऐका. कार्ड तुम्ही गावकीत दाखवलंत, तर गावकीतच उभं राहून खरं सांगायचं. ते होईपर्यंत बिल्डरचा कागद घेऊन कुणालाही माझ्याकडे पाठवू नका.

आजीला किंवा नीलाला या पत्रावरून एक शब्द जरी बोललात, तर मी तुमचं संक्रांतीचं पत्र आणि आजीचं पोस्टकार्ड दोन्ही घेऊन स्वतः गावकीत येईन.

जया गोविंद भोईर

*

बाळकुम
९ एप्रिल १९९६

जया,

पत्र फाडलं.

तू मला खोटारडा बोललीस. निम्मं खरं आहे, निम्मं नाही. पेटीत कार्ड मिळालं तेव्हा मला काहीही आठवलं नव्हतं. देवीची शपथ. वीस वर्षांपूर्वी अर्धा तास एका खाटेवर पडलो होतो, ते कोण लक्षात ठेवतं? कार्डावर गोविंदाचं नाव होतं, मी गोविंदाचं समजलो. आणि खरं सांगतो, मला ते खरं असायला पाहिजे होतं. बिल्डर रोज येत होता.

डिसेंबरात तुझं पत्र आलं. वकील बोलला, पोरगी फसली, द्या रक्त. मी ठाण्याला तपासणीच्या जागी गेलो. तिथली बाई सगळं लिहून घेत होती. तिने विचारलं, याआधी कधी रक्त दिलंय का? मी बोललो, एकदा, कंपनीत. बोललो आणि तिथेच आठवलं. गोविंदा गेटवर उभा होता, मला बिल्ला लावून देत होता, हे सगळं समोर आलं. रक्त न देता उठून आलो. घरी दोन दिवस जेवलो नाही. तुझ्या काकूला वाटलं पित्त आहे.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. पण गावकीत कार्ड फिरवून बसलो होतो. परत त्याच माणसांसमोर काय तोंड घेऊन जायचं? म्हणून हरकत काढली. वाटलं, तुला तुझं मिळालं, मला माझं, विषय संपला. तू मनात काय धरून बसशील याचा विचार केला नाही. केला असता तरी बोललो असतो की नाही, सांगता येत नाही.

परवा गावकीत उभा राहिलो. बोललो, ते रक्त माझं होतं, गोविंदाचं नाही, चूक माझी झाली, जया गोविंदाचीच. गावकीतला जगन हसला. बोलला, परशुराम, एका डब्यासाठी भावाचं नाव वापरलंस, आता जमिनीसाठी पण वापरलंस. मी साठीचा माणूस. तुझ्यामुळे आज पोरंटोरं माझ्यावर हसतात. तुझं समाधान झालं असेल.

कागद सोबत पाठवला आहे. फुली मारली आहे तिथे सही कर. आता आपला हिशेब मिटला. पुन्हा पत्र टाकू नकोस.

परशुराम

*

कल्याण
२१ एप्रिल १९९६

परशुराम भोईर यांस,

कागद सही न करता परत पाठवते आहे.

गावकीत तुम्ही काय बोललात ते मला नीलाच्या वडिलांनी शब्दाशब्दाने सांगितलं. ऑक्टोबरात तुम्ही माझ्या आईबद्दल पाव तास बोलला होता. ती माहेरी का राहिली, तिच्याकडे कोण येत-जात होतं, सगळं रंगवून. या खेपेला तुम्ही रक्ताबद्दल बोललात, बाबांबद्दल बोललात, माझ्याबद्दल बोललात. तिचं नाव घेतलं नाहीत. ज्यांनी ऑक्टोबरात ऐकलं ते आजही तिला तेच समजत असतील. फक्त कार्ड चुकीचं होतं, एवढंच त्यांना कळलं.

पुन्हा उभे राहा. सगुणा गोविंद भोईर हे नाव उच्चारा आणि तिच्याबद्दल जे बोललो ते सगळं खोटं होतं असं सांगा. कुणी हसलं तर हसू द्या. ते होत नाही तोवर माझी सही नाही. बिल्डर कंटाळून दुसरीकडे गेला तर जाऊ दे. मी एकवीस वर्षांची आहे, मला घाई नाही.

माझं समाधान झालं असेल असं तुम्ही लिहिलंत. नाही झालं. कारण मला सगळ्यात जास्त राग तुमचा आलेला नाही.

बाबांनी मला आयुष्यात एकदाही बोटाला टोचू दिलं नाही. मी रोज शंभर माणसांचं रक्त काढणारी, पण घरी लॅन्सेटची सुई काढली की ते चप्पल घालून खाली चहाला जायचे. त्यांची साखर मला कधीच कळली नाही, गट कधीच कळला नाही, तो त्याचमुळे. हे आजीने सांगायची गरज नव्हती. मला माहीतच होतं. तुमची झेरॉक्स हातात आली तेव्हा पहिला प्रश्न हाच पडायला हवा होता, की बाबा आणि रक्तदान? शक्य तरी आहे का? तो मला पडला नाही. छापील कार्ड होतं, शिक्का होता, गट होता. अशी कार्डं मी रोज भरते. मी ते खरं मानलं आणि माझ्या आईला खोटं मानलं. तपासलं कुणाला, तर स्वतःला. तीनदा.

त्या डिसेंबरात मी तिचा फोटो भिंतीवरून काढला आणि कपाटात कपड्यांच्या खाली ठेवला. बाबांचा तसाच ठेवला. आजीचं पोस्टकार्ड येईपर्यंत तो तिथेच होता. आता परत लावला आहे. वकीलबाई विचारत होत्या, हैदराबादची तपासणी करायची का, मनाच्या खात्रीसाठी. मी नाही म्हटलं. तिला आणखी एकदा तपासायला मी धजणार नाही.

तुमचं काम सोपं आहे. तुम्हाला बारा माणसांसमोर बोलायचं आहे, आणि ती माणसं जिवंत आहेत. मला जिच्याशी बोलायचं आहे ती ऐकायला नाही.

सगुणा गोविंद भोईर यांची मुलगी,
जया